सरदेसाईंची काचेची हंडी

शिकारीचा सुरा करून घ्यायला खुद्द सरदेसाई भागू लोहारणीच्या भट्टीपाशी येऊन बसले. पातं तापत आलं होतं. आता ते तेलात बुडवून कडक करायचं, म्हणून तिनं तेलाचा लोखंडी डबा पुढं ओढला.

"त्या काळ्या डबड्यात माझा सुरा?" सरदेसाई गरजले. त्यांच्या नोकरानं दिवाणखान्यातली काचेची हंडी तिच्यासमोर ठेवली. "तेल यात ओत. आणि हिला तडा गेला, तर ज्याच्या हातून गेला त्याचा हात तोडीन!"

भागूला पुढचं दिसलं. लाल पातं शिरताच काच फुटणार, पेटतं तेल अंगावर उडणार. तिचा सासरा मातीचं मडकं फुटून असाच भाजून गेला होता. नाही म्हणावं तर सरदेसाई खवळणार, हो म्हणावं तर हात जाणार, नाहीतर जीव.

"हंडी झकास आहे, सरकार," ती म्हणाली. "पण ज्याचं भांडं त्यानंच धरायचं, अशी आमच्यात रीत आहे. माझ्या एका हातात सांडशी, दुसऱ्यात जाळ दाबायला झाकण. आपण हंडी मांडीवर घेऊन बसावं."

आणि तिनं भट्टीतून लालभडक पातं उचललं.

सरदेसाईंनी पात्याकडं पाहिलं, मग आपल्या मांडीकडं.

"तुझ्या डब्यातच बुडव," ते पुटपुटले.

पातं शिरताच डब्यातून हातभर जाळ उठला. सरदेसाई धडपडत मागं सरले. भागूनं झाकण दाबलं.

"हंडी शाबूत आहे, सरकार," ती म्हणाली, "आणि आपल्या दोघांचे हातही."