चौलचा शिक्का

चौल बंदरात विसाशेट म्हणून एक मोठे व्यापारी होते. समुद्रापलीकडच्या एका बंदरातही त्यांचं घर होतं. एकदा तिथे ते तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा मुबारक नावाच्या रखवालदाराने अकरा दिवस उशाशी बसून त्यांना वाचवलं. शेट ते विसरले नाहीत. पुढे चौलला मरणाआधी त्यांनी मृत्युपत्र केलं, की ते घर मुबारकला द्यावं.

त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई तो कागद घेऊन स्वतः गलबतात बसल्या. पोचून बघतात तर बंदराच्या हाकिमाने घराला कुलूप ठोकलेलं.

हाकिमाने मृत्युपत्र दोन बोटांत धरून परत केलं. "बाई, परका माणूस मेला की त्याचं घर सरकारजमा होतं. तुमच्या चौलच्या शिक्क्याला इथे कुत्रंही विचारत नाही."

म्हाळसाबाईंनी शांतपणे विचारलं, "शेट वारले हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"दाखला आलाय ना तुमच्याकडून."

"त्यावर शिक्का कुठला आहे?"

हाकिमाने दाखला उलगडला आणि आवाज उतरवून म्हणाला, "चौलचा."

"मग तोही इथे चालत नसणार. म्हणजे आपल्या दरबारी आमचे शेट अजून जिवंत आहेत. ते स्वतः येऊन काही सांगेपर्यंत घर त्यांच्या रखवालदाराकडेच राहू द्या."

भरल्या कचेरीत हाकिमाने दोन्ही कागद मानले आणि कुलूप काढायला लावलं.

किल्ली हातात पडताच मुबारक सलाम करायला वाकला. म्हाळसाबाईंनी त्याला अडवलं आणि स्वतःच हात जोडले.

"त्या अकरा दिवसांनंतर माझं कुंकू सोळा वर्षं टिकलं, मुबारक. त्यापुढे हे घर काहीच नाही."