दिव्याच्या जागी बसलेला कॅमेरा

घरातल्या वस्तू आपसात बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. इंदूकाकूंच्या ओसरीवर दिव्याच्या होल्डरमध्ये नवा कॅमेरा बसला आणि टिप्या कुत्र्याचं गोणपाट फाटकाबाहेर गेलं.

"झोप आता, म्हाताऱ्या. मला सगळं दिसतं," कॅमेरा म्हणाला.

दुपारी काकू लग्नाला निघाल्या आणि सवयीने घरातली सगळी बटणं बंद करून गेल्या. कॅमेऱ्याचा डोळा मिटला. थोड्याच वेळात एक चोर कुंपणावरून आत उतरला. टिप्या असा भुंकला, की शेजारी धावत आले आणि चोर एक चप्पल टाकून पळाला.

संध्याकाळी काकूंनी बटण लावताच कॅमेरा जागा झाला. "काही झालं का रे?"

"विशेष नाही," टिप्या चप्पल चघळत म्हणाला.

काकूंनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि गोणपाट पुन्हा ओसरीवर आणलं.