खालच्या आळीचे कुडवलेकर

"बुवा, खालच्या आळीतल्या लोकांची नावं वंशावळीत घालू, की गाळू?"

केशवबुवांनी वर पाहिलं नाही. मठाच्या पडवीत बसून ते माडाच्या हिरांचा खराटा बांधत होते.

विचारणारा पद्माकर कुडवलेकर, त्यांचा जुना शिष्य. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो आपल्या आडनावाचा माग काढत गावोगाव हिंडला होता. मूळ गाव सापडलं, कुलदैवत सापडलं, मूळ पुरुषही सापडला. दिवाळीनंतर कुळाचा मेळावा भरायचा होता. तिथं ही वंशावळ सगळ्यांना वाटायची होती.

"गाळायची कशाला?" बुवांनी विचारलं.

"ते आमच्या रक्ताचे नाहीत. त्यांचा मूळ पुरुष म्हणजे खाडीकाठी सापडलेलं पोर. पटकीच्या साथीत आईबाप गेलेले. आमच्या घरातल्या एका बाईनं त्याला उचललं, आपल्या मुलाबरोबर अंगावर पाजलं. मग आडनावही आमचंच लागलं."

"आणि तिचा स्वतःचा मुलगा?"

"त्याचा वंश म्हणजे आम्ही. वरची आळी. अस्सल."

"हे तुला सांगितलं कुणी?"

"खालच्या आळीच्या दत्तारामनंच. मी विचारलंही नव्हतं. म्हणाला, पद्माकरदादा, लिहिताच आहात तर खरं ते लिहा."

बुवांचे हात थांबले.

"त्याला कसं ठाऊक?"

"त्यांच्याकडे दर पितृपक्षात त्या बाईच्या नावानं पान वाढतात. तेव्हा पोरासोरांना बसवून सगळी हकिगत सांगतात म्हणे."

"नाव काय तिचं?"

"गोदूबाई."

"तुमच्याकडेही वाढत असतील तिचं पान..."

"नाही."

"का रे?"

"आमच्याकडे तिचं नाव कुणालाच..." पद्माकर अडखळला. "मलाही दत्तारामकडूनच कळलं."

...

पद्माकरनं वंशावळीचा कागद मांडीवर उलगडला. मूळ पुरुषापासून बोट खाली खाली आणलं. गोदूबाईच्या नवऱ्याचं नाव होतं. त्याखाली मुलाचं होतं. मधे नुसती एक रेघ.

बराच वेळ तो त्या रेघेकडे बघत राहिला. मग कागदाची घडी घातली.

"चुकलं माझं, बुवा. घालतो त्यांची नावं."

"बरं."

"मेळाव्यालाही बोलावतो. मानानं, पुढच्या रांगेत बसवतो."

बुवांनी खराट्याभोवती काथ्याचा आणखी एक वेढा दिला.

"अजून काही करायला हवं का?" पद्माकरनं हळूच विचारलं.

"पितृपक्ष कधी लागतोय?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग दत्तारामकडे जेवायला जा..." बुवांनी काथ्याची गाठ आवळली. "त्यानं बोलावलं तर."