सतरा देशांचं ‘हो’

“सतराच्या सतरा देश हो म्हणाले?” सोमगीर बाबांनी विचारलं.

“सगळे,” केतकी म्हणाली. “एकही नाही म्हणाला नाही.”

बाबांचा मठ नदीच्या वळणावर होता. दिवस थंडीचे. दुपार व्हायला आली तरी पाण्यावरचं धुकं उठलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. ती म्हैस धुक्यातच चरते आहे, असं वाटत होतं.

केतकी लहानपणी याच मठात पाटीवर अक्षरं गिरवायला शिकली. आता ती परदेशात शिकत होती, सुट्टीत गावी आली होती. नद्या स्वच्छ राखायचा एक कायदा युरोपातल्या देशांनी मिळून केला होता. तो खरोखर पाळला जातो का, हा तिचा अभ्यास. त्यात तिची तीन वर्षं गेली होती.

“इथं दोन गोसाव्यांची आरती एका वेळी संपत नाही,” बाबा म्हणाले. “आणि सतरा देश...”

“चेष्टा नका करू, बाबा. याला पद्धत असते. प्रत्येक देशाच्या कचेरीला मी एकच प्रश्न पाठवला. तुमच्याकडे कायदा पाळला जातो का? सगळ्यांना शब्द तेच. मग उत्तरं मोजली. शंभर टक्के!”

“मग डोळे का सुजलेत, पोरी?”

तिने पिशवी पुढे ओढली.

मग तिने आतून कागदांचा गठ्ठा काढला. पहिल्या पानावर लाल शाईची एक ओळ होती.

“माझ्या सरांनी एवढंच लिहून सगळं परत पाठवलंय. सोमवारपर्यंत उत्तर दिलं नाही, तर शिष्यवृत्ती बंद. तीन वर्षं पाण्यात.”

“वाच की.”

“‘तुला कसं कळलं?’”

“बस?”

“बस. आता कसं कळलं म्हणजे काय? विचारलं म्हणून कळलं!”

बाबा चुलीकडे वळले. चुलीवर पिठलं रटरटत होतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली आणि निखाऱ्यांपुढे उभी केली. भाकरी हळूहळू फुगली.

“जेवलीस का?”

“हो, बाबा. वाटेत झालं.”

“बरं.”

धूर धुक्यात मिसळत होता. दोन्हींतला फरक कळत नव्हता. केतकी पानं उलटत, सतरा देशांची नावं एकेक करून सांगत राहिली. बाबा ऐकत होते, की नदी ऐकत होते, कोण जाणे...

सांगून झालं तेव्हा तिच्यापुढे ताट होतं.

“नको, बाबा. खरंच नको. आत्ताच झालंय.”

बाबांनी ताट मागे घेतलं नाही. ते उठले, उंबऱ्यापाशी जाऊन बसले, आणि तिच्याकडे पाठ करून धुक्याकडे बघू लागले.

“प्रसाद म्हणून घासभर घेते,” ती म्हणाली.

तिने भाकरीचा तुकडा मोडला.

मग बराच वेळ म्हशीची घंटाच वाजत राहिली.

बाबा वळले, तेव्हा ताटात ठेचासुद्धा उरला नव्हता. त्यांनी चुलीजवळच्या टोपलीतून दुसरी भाकरी आणून वाढली. तिने नको म्हटलं. तीही संपली.

“वाटेत कुठं जेवली होतीस?”

केतकीने मान खाली घातली. “कुठंच नाही. सकाळपासून काही खाल्लं नाही.”

“मग हो का म्हणालीस?”

“आल्या आल्या भूक लागली म्हणून सांगायचं? काय म्हणाला असतात तुम्ही!”

बाबा तिचं रिकामं ताट बघून मायेने हसले.

“पण बाबा, तुम्हाला कसं कळलं?”

विचारलं, आणि ती थांबली.

गठ्ठा तिच्या शेजारीच पडला होता. वाऱ्याने वरचं पान किंचित हललं. लाल ओळ तिथेच होती.

बाबा म्हणाले, “हो म्हणताना तू पिठल्याकडे बघत होतीस.”

पलीकडचा काठ आता थोडा थोडा दिसू लागला होता. आधी झाडांचे शेंडे, मग म्हशीची पाठ.

केतकीने पेन काढलं. ‘शंभर टक्के’ हे शब्द होते तिथे एक आडवी रेघ ओढली. रेघ सरळ आली.

“सरांना लिहीन, मला कळलेलं नाही,” ती म्हणाली. “शिष्यवृत्ती जाईल कदाचित...”

बाबांनी चुलीतली लाकडं मागे ओढली.

“आणि राहिली, तर? त्या लोकांना परत काय विचारू?”

“काही विचारू नकोस.”

“मग?”

“एका नदीवर जा.”

“जाऊन काय करू?”

बाबांनी तिचं ताट उचललं, अंगणाच्या कडेला नेलं, आणि राखेने घासायला बसले.

“जेवणाच्या वेळेला जा,” ते म्हणाले. “नदीच्या ताटात कोण काय वाढतं, ते बघ.”