बारशाची लाइन

हे मला लिहायला लावलं आहे. माझी हौस नाही. क्लबची स्मरणिका निघते आहे म्हणे, आणि सेक्रेटरी चार दिवस मागं लागलेत, "भिवसनबाबा, उस्तादांची एखादी गोष्ट लिहा, दोन पानं." माझी शाळा चौथीत सुटली. जन्मभर रूळ उचलले. पानं नाही उचलली. तरी लिहितो. पण मग शेवटच्या ओळीपर्यंत छापा. जागा नव्हती म्हणून कापलं, असं नंतर सांगू नका.

तर…

"उस्ताद, अठ्ठावीस बटणांचा डबा घ्यावा, का साधा?"

विचारणारा होता इंजिनेर. त्याचं नाव मी लिहीत नाही. पुण्याहून भुसावळला नोकरीला आलेला, आमच्या क्लबात त्याला आठ महिने झाले होते. खेळातली आगगाडी चालवायचा, पण बोलायचा असा की खरी त्यानंच काढली.

ज्यांना विचारलं ते हमीद उस्ताद. अडतीस वर्षं यार्डात शंटिंग केलेले. रिटायर झाल्यावर त्यांनी बंद पडलेल्या एका शाळेच्या वर्गात आपलं यार्ड लहान करून बांधलं. बावीस फुटी टेबल. रूळ टाकले मी.

तेव्हा टेबल जुन्या पद्धतीनं चालायचं. रुळाच्या ज्या तुकड्यात वीज सोडाल, त्या तुकड्यावरची गाडी सुटणार. दोन गाड्या चालवायच्या तर सोळा खटके भराभर खालीवर करायचे. उस्ताद ते न बघता करायचे, बाई पोळ्या लाटते तसे.

मग त्यांचे हात थरथरायला लागले.

होळीनंतर एका सकाळी त्यांच्याच हातून दोन गाड्या समोरासमोर आल्या. त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली…

ती उचलायला कोणी पुढं झालं नाही.

म्हणून डिजिटल घ्यायचं ठरलं. त्यात प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, चिपेला नंबर असतो. वीज सगळ्या रुळांत कायम. हातातल्या डब्यावर नंबर दाबा, तेवढंच इंजिन ऐकतं, बाकीची उभी राहतात. एवढं मलाही कळलं, म्हणजे बघा.

आणि घाई होती. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी शाळेचे विश्वस्त यायचे होते. टेबल चालताना दिसलं तर खोली आमच्याकडे राहणार. नाही दिसलं तर तिथं खताचं गोदाम. बावीस फुटी टेबल दारातून निघत नाही. कापावंच लागलं असतं.

इंजिनेरानं ओळखीतून दोन डबे बघायला आणले होते. एक लहान, त्याला फिरवायचं गोल बटण आणि थांबवायचं एक लाल बटण, बाकी थोडंसंच. दुसरा मोठा, वर काचेचा पडदा, खाली तसंच गोल बटण आणि बाकी अठ्ठावीस बटणं, दिवे, शिट्ट्या, सगळं त्यात.

उस्तादांनी विचारलं, "ह्या मोठ्यावर किती गाड्या सोडता येतात?"

"नंबर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव आहेत, उस्ताद."

"हात?"

"…दोन."

"डोळे?"

इंजिनेर हसला. "कोडं घालताय का?"

"डोळे मीट. गाडी थांबव."

लहान डब्यावर अंगठा सरळ लाल बटणावर गेला. मोठ्यावर त्यानं चाचपलं, पुन्हा चाचपलं. एक शिट्टी वाजली. कुठला तरी दिवा लागला. गाडी काही थांबली नसती.

"त्यात बघून दाबायचं असतं," तो म्हणाला.

"तू डब्यात बघशील," उस्ताद म्हणाले, "मग गाडी कोण बघेल?"

इंजिनेरानं मोठाच ठेवून घेतला. बाहेर ओट्यावर मला म्हणतो, "मामा, उस्ताद आता जुने झाले."

मामा.

हे एक आणखी. आम्ही तिघं म्हातारे तिथं रोज असायचो. मी, डिगंबर चौधरी गार्ड आणि फ्रान्सिस फिटर. हा तिघांनाही मामा म्हणायचा. "मामा, जरा ती पकड द्या." जो जवळ असेल तो उठायचा. आठ महिन्यांत त्यानं कोणाचं नाव विचारलं नाही. उस्ताद मात्र त्याला पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारायचे.

टेबलाखालचं सगळं काम माझ्याकडं होतं. अकरा दिवस मी पाठीवर पडून वायरी जोडल्या. गरम शिसं दोनदा दाढीत पडलं. खूण अजून आहे, बघायची असेल तर या.

उस्तादांनी माझ्याकडून आणखी एक काम करून घेतलं. टेबलाच्या कोपऱ्यात हातभर रूळ, बाकी कुठल्या रुळाला न जोडलेला. त्याची वायर वेगळी.

"नंबर घालायचा तो ह्याच्यावर," ते म्हणाले. "एकेकाला एकटं आणून."

मी म्हटलं, "म्हणजे ही बारशाची लाइन."

उस्ताद खूश झाले. त्यांनी खडूनं तसं लिहूनही ठेवलं.

इंजिनेरानं ते वाचलं. "मामा, हा तुकडा कशाला? मोठ्या टेबलावरच घालतो नंबर. सहा इंजिनं उचलून ठेवत कोण बसेल!"

"उस्तादांनी सांगितलंय."

"मी पुस्तक वाचलंय."

आता पुस्तकासमोर मी काय बोलणार.

शुक्रवारी सकाळी त्यानं सहाही इंजिनं मोठ्या टेबलावर मांडली, नंबर घालायची वायर त्याच टेबलाला लावली आणि डब्यावर बटणं दाबली. पहिल्याला नंबर घातला. दुसऱ्याला घातला. असं करत सहाव्याला. सहावं इंजिन उस्तादांचं होतं, सतरा नंबरचं. काळं, शंटिंगचं. पत्रा आणि पितळ कापून दोन वर्षांत बनवलेलं. खऱ्या सतरा नंबरवर उस्तादांची सगळी नोकरी झाली होती.

चहा होऊन गेल्यावर आम्ही टेबलाभोवती उभे राहिलो. उस्ताद खुर्चीत.

त्यानं पहिला नंबर दाबला. बटण फिरवलं.

काही नाही.

दुसरा. काही नाही. तिसरा, चौथा, पाचवा…

इंजिनेराचे कान लाल झाले. "वायर सुटलीय खाली. मामा, बघा जरा!"

मी पाठीवर पडून खांद्यापर्यंत खाली शिरलो. एकेक सांधा ओढून बघितला. सगळे घट्ट. तसं खालूनच ओरडून सांगितलं.

"नीट बघा हो!"

मी नीटच बघत होतो, तेवढ्यात त्यानं सतरा नंबर दाबला.

डोक्यावर एकदम मोठा गडगडाट झाला. सहाही इंजिनं एकाच वेळी सुटली होती. वरून चौधरी ओरडला, "अरे थांबव भो! थांबव!" इंजिनेर अठ्ठावीस बटणांत लाल बटण शोधत होता. शिट्ट्या वाजल्या. दिवे लागले. मग ठाण ठाण असे दोन आवाज आले, आणि काहीतरी काळं टेबलाच्या कडेवरून खाली आलं.

माझ्या पोटावर.

सतरा नंबर. माझं पोट मोठं आहे, बायको त्यावरून जन्मभर बोलत आली. त्या दिवशी कामाला आलं. पितळी धुराडं जरा वाकलं, बाकी सगळं शाबूत.

मी ते धरून बाहेर आलो, तर इंजिनेर सगळ्यांसमोर म्हणतो, "अंगठाबहाद्दराच्या हातात वायरी दिल्यावर दुसरं काय होणार!"

…

मी चौथी शिकलो आहे. सही करतो. हे तेव्हा तोंडातून निघालं नाही.

फ्रान्सिसनं पंखा बंद केला. का केला, त्यालाच माहीत.  रविवारला दोन दिवस होते, आणि मी टेबलाकडं बघून करवत कुठून लावावी लागेल याचा हिशेब करत होतो.

उस्ताद उठले नाहीत. वायरी बघितल्या नाहीत. इंजिनेराला म्हणाले, "मामाला हाक मार."

"काय?"

"हाक मार."

"…मामा."

आम्ही तिघांनी माना वर केल्या. चौधरी तर सवयीनं दोन पावलं पुढंही आला.

"किती आले?" उस्तादांनी विचारलं.

"तिघं."

"एकालाच आण."

इंजिनेरानं तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, चौधरीकडं बघितलं, फ्रान्सिसकडं बघितलं. बोट वर केलं, परत खाली घेतलं.

पंखा बंद होता. त्याच्या घामाचा थेंब टेबलावर पडलेला मी बघितला.

मग त्याची नजर माझ्या हातातल्या सतरा नंबरवर गेली. तिथून टेबलावर आडव्या पडलेल्या पाच इंजिनांवर. तिथून कोपऱ्यातल्या खडूच्या अक्षरांवर. बराच वेळ तो तिथंच बघत राहिला…

"मी सहाजणांना एकाच वेळी सांगत होतो," तो हळू म्हणाला. "प्रत्येक नंबर सगळ्यांनीच घेतला. शेवटचा राहिला. सगळी सतरा झाली."



त्यानं माझ्यासमोर दोन्ही हात पुढं केले. मी सतरा नंबर त्याच्या हातावर ठेवला. तो कोपऱ्यात गेला, बारशाच्या लाइनीवर त्यानं ते एकटं उभं केलं, वायर तिथं लावली आणि नंबर घातला. मग ते उचलून बाजूला ठेवलं. मग दुसरं आणलं. पाचवं होईपर्यंत दुपारच्या जेवणाची वेळ टळली. कोणी घरी गेलं नाही.

सहावं मांडताना तो वर न बघताच म्हणाला, "तुमचं नाव काय?"

"कोणाचं?" मी म्हटलं. सोडतो काय!

"…तुमचं."

"भिवसन तायडे."

मग त्यानं चौधरीला विचारलं. फ्रान्सिसला विचारलं. फ्रान्सिसनं आजोबापर्यंतचं सगळं नाव सांगितलं, ते लांबत गेलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा आम्ही हसलो.

रविवारी विश्वस्त आले. तिघं. खुर्च्या कमी पडल्या, मी उभा. इंजिनेर मोठा डबा घेऊन बसला. मान खाली, डोळे पडद्यात.

उस्ताद उठले. डोक्यावरची टोपी काढली आणि पडद्यावर ठेवली.

"उस्ताद, दिसत नाही आता."

"आता दिसेल."

इंजिनेराची मान वर आली. अंगठा गोल बटणावर गेला. मालगाडी निघाली, पॅसेंजर निघाली, आणि मधल्या लाइनीवरून सतरा नंबर तिरकं धुराडं घेऊन चार डबे ढकलत आला. सांध्यापाशी पॅसेंजर आडवी जात होती.  टेबलावर माझं अकरा दिवसांचं काम आणि उस्तादांची अडतीस वर्षं होती.

सतरा नंबर वीतभर अलीकडं थांबला.

पॅसेंजर गेली.

सतरा नंबर पुढं सरकला. पलीकडं उभ्या डब्याला डबा लागल्याचा बारीक टक् असा आवाज आला. उस्तादांनी डोळे मिटले होते, त्या आवाजाला त्यांची मान हलली.

विश्वस्तांतला थोरला म्हणाला, "मग ते खत पलीकडच्या वर्गात टाकू म्हणतो."

झालं. एवढंच म्हणाला. मी तिथंच जमिनीवर बसलो. चौधरीनं खिशातून गार्डाची शिट्टी काढून वाजवली, विश्वस्त दचकले. फ्रान्सिस डोळे पुसत होता. विचारलं तर म्हणे, सोल्डरचा धूर. सोल्डर बंद होऊन तीन दिवस झाले होते.

उस्तादांनी किल्ली इंजिनेराच्या खिशात टाकली. त्याला कळलंही नाही, तो गाडीकडं बघत होता.

पुढच्या आठवड्यात त्यानं मोठा डबा परत देऊन लहान आणला. आम्हा तिघांना तो आता नावानं हाक मारतो. मला भिवसनबाबा म्हणतो. वायर जोडायची असली तर आधी मला विचारतो. सगळं खरं आहे. माणूस वाईट नाही.

पण ते अंगठाबहाद्दर…

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी उस्तादांना म्हटलं होतं, "खोली राहिली, टेबल राहिलं. एक गोष्ट तेवढी राहून गेली."

"काय?"

"त्यानं माझी माफी मागितली नाही."

"कोणी?"

"इंजिनेरानं."

उस्ताद सतरा नंबरचं धुराडं अंगठ्यानं सरळ करत होते. हात थरथरत होता, तरी करत होते.

"इंजिनेर गावात पुष्कळ," ते म्हणाले. "एकालाच आण."

तीन वर्षं मी उस्तादांना उत्तर दिलं नाही. आज देतो.

हेरंब ओगले. आपले सेक्रेटरी.