महाराजांच्या हातात मुळा

तिसरा शालू चुकला तर सोनबा कोष्ट्याचा माग सरकारजमा होणार होता, आणि आधीचे दोन चुकलेच होते.

अडगावच्या महाराजांना राणीसाहेबांसाठी शालू हवा होता, आपल्या नव्या पगडीच्या रंगाचा, अगदी त्याच रंगाचा. लग्नाच्या वाढदिवशी दोघं हत्तीवरून मिरवणार होते. तुमच्या-माझ्यासारख्यांनी सरळ पगडीच विणकराकडे पाठवली असती. पण महाराजांनी नुकताच परदेशी कॅमेरा घेतला होता, आणि पगडी पाठवायची तर कॅमेऱ्याचं काय लोणचं घालू, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग पगडीचा फोटो गेला.

पहिला फोटो दरबारात काढला होता. दरबाराच्या खिडक्यांना शेंदरी काचा. सोनबाने फोटोबरहुकूम विणलं आणि शालू निघाला थेट विटेच्या रंगाचा. दुसरा फोटो बागेत निळ्या शामियान्याखाली काढला, तर शालू जांभळा! पहिला शालू पाहून राणीसाहेबांनी बोलणं सोडलं. दुसरा पाहून त्या बोलायला लागल्या, ते जास्त महागात पडलं.

महाराजांनी दवंडीच पिटवली की कॅमेरा कधी खोटं बोलत नाही, विणकर खोटं विणतात. आता तिसरा शालू, तोही फोटोवरूनच. पगडी बघायची नाही, तिचा धागाही मागायचा नाही.

सोनबाने अंगावर गोधडी ओढली आणि आतूनच सांगितलं की माग नेताना मला उठवू नका. तेव्हा त्याची मुलगी भागू उठली. फडक्यात भाकरी बांधली, सोबत एक पाल्यासकट मुळा घेतला आणि राजवाड्याकडे निघाली. मी असते तर कडी लावली की नाही हे बघायला वेशीपासून तीनदा परत आले असते. भागू एकदाच आली.

शेंदरी काचांच्या त्याच दरबारात गोंधळ उडाला. महाराज पगडी घालून बसलेले, आणि पगडी तर भागूला दिसायची नव्हती. पगडी काढायला महाराज तयार होईनात. शेवटी त्यांच्यासमोर जाड पडदा लावला. पडद्याच्या आत महाराज, राणीसाहेब आणि कॅमेरेवाला. बाहेर भागू आणि प्रधानजी.

भागूने फडकं सोडलं आणि मुळा पडद्याखालून आत सरकवला. महाराजांनी तो पगडीशेजारी धरावा आणि एक फोटो काढून घ्यावा, एवढीच तिची विनंती होती. आत बरीच कुजबुज झाली. राजघराण्यात आजवर तलवार, गुलाब आणि ससाणा एवढंच हातात धरलं गेलं होतं. पण राणीसाहेब काहीतरी पुटपुटल्या आणि महाराजांनी मुकाट्याने मुळा धरला.

फोटो निघाला. कॅमेरेवाल्याने कॅमेरा बाहेर आणला, त्याच्या मागच्या काचेवर फोटो दिसत होता. भागूने तो प्रधानजींपुढे धरला.

"प्रधानजी, महाराजांच्या हातात काय आहे?"

प्रधानजींनी आधी कॅमेऱ्याला मुजरा केला, मग नीट पाहिलं. "गाजर आहे, पोरी. चांगलं रसरशीत."

"गाजर?" पडद्याआडून आवाज आला. "प्रधानजी, डोळ्यांना काय झालंय? मुळा आहे हा. पाल्याला मातीसुद्धा आहे, माझ्या अंगरख्यावर पडतेय."

"फोटोत तर गाजरच आहे, सरकार," प्रधानजी चाचरत म्हणाले.

भागूने हात जोडले. "महाराज, कॅमेरा खोटं बोलत नाही अशी दवंडी दिलीच आहे. मग महाराजांना मुळा आणि गाजर यातला फरक कळत नाही, अशी दुसरी दवंडी आज द्यायची का उद्या?"

मग पडद्याआड बांगड्या वाजल्या. राणीसाहेब हसत होत्या, तोंडावर पदर दाबून, तरी ऐकू येईल इतक्या.

"मग करायचं काय?" महाराजांनी जरा नरमून विचारलं.

भागूने कॅमेऱ्यावरची एक छोटी चकती दाखवून ही कशाची म्हणून विचारलं. कॅमेरेवाला म्हणाला, शोभेची असावी, महाराजांनी तिला हात लावू नका असं सांगितलंय. भागूने ती फिरवली. फोटोतला मुळा शेंदरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा सायीसारखा, मग पांढराशुभ्र. आणखी थोडी फिरवली तर निळा पडू लागला, तशी तिने चकती मागे घेतली. पाला हिरवागार दिसायला लागला, आणि शेजारची विटकरी पगडी बघता बघता डाळिंबी झाली.

"पगडीच्या रंगावरून माणसं भांडतील, महाराज. मुळ्यावरून कोण भांडणार? दोघांवर उजेड एकच पडलाय. मुळा ताळ्यावर आला की पगडीही आली."

"आणि नाही आली तर?"

"तर माग आहेच की, सरकारजमा करायला."

तो फोटो घेऊन भागू घरी गेली. सोनबाला गोधडीतून काढलं, फोटोशी ताडून रेशीम रंगवलं आणि बापलेकीने शालू विणला. रोज सकाळी उठून ती आधी मुळे बघायची, अजून पांढरेच आहेत ना!

वाढदिवसाच्या दिवशी राणीसाहेबांनी शालूचा पदर महाराजांच्या पगडीला लावून पाहिला. पगडी कुठे संपते आणि पदर कुठे सुरू होतो ते प्रधानजींना सांगता येईना. अर्थात त्यांच्या नजरेचा भरवसा आता कुणाला नव्हता. पण राणीसाहेबांनी मान डोलावली, आणि महाराज इतके हसले की पगडी नाकावर आली. माग सोनबाचाच राहील, कधीच जप्त होणार नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. भागूच्या हातात सोन्याचं कडं घातलं. आणखी काय हवं, विचारलं.

"काही नाही, महाराज. माझा मुळा तेवढा इथेच राहिलाय."

महाराज खाकरले. राणीसाहेबांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"तो मी खाल्ला," ते हळूच म्हणाले. "चांगला होता."

मग राजवाड्यामागचा पाटाच्या पाण्यावरचा मळा त्यांनी भागूच्या नावे करून दिला, मुळ्यांसाठी. हत्तीवर चढता चढता ते परत वळले.

"आणि हे बघ, भागू, मिरवणुकीच्या फोटोला येताना मुळे दोन आण. एक फोटोसाठी."