चोळेखारचे देव बांधावर का गेले

त्या कोनाड्यात काय शोधताय? रिकामाच आहे तो. चोळेखारात कुठल्याही घरात जा, देवाचा कोनाडा सारवलेला, पुढे समई लावलेली आणि आत काही नाही. पाहुणे आधी बिचकतात, मग हळूच विचारतात, देव चोरीला गेले का हो? चोरीला कशाला जातील! आमचे देव कामावर आहेत. चला बांधावर, चालता चालता सांगतो. मी धर्मा घरत. ज्या घराची ही गोष्ट, त्याच घरातला. तेव्हा लपवणार काही नाही, आमच्या लाजेची बाबसुद्धा नाही.

हा बांध बघा. डावीकडे खाडी, उजवीकडे भात. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी शेताच्या पुरुषभर वर चढतं, आणि मध्ये काय, तर एवढी ही माती. खारं पाणी एकदा आत बसलं की तीन-चार वर्षं भाताचं नाव नको. म्हणून बांधाचे घरटी वाटे पाडलेले. ज्याचा वाटा त्यानं रोज फिरायचं आणि खेकड्यानं बीळ पाडलं असेल तर चिखल-पेंढा ठासून बुजवायचं.

असं सांगतात की, फार पूर्वी आमच्या वाट्यावर पोशा घरताचा एकुलता एक मुलगा जोमा फिरायचा. कष्टाळू होता, पण जिभेचा लोभी. भाद्रपदात त्याला एका बिळात हा एवढा खेकडा दिसला. त्यानं हातभर बीळ उकरलं, खेकडा काढला, भोकात पेंढ्याचा एक बोळा खुपसला आणि घाईघाईनं घर गाठलं. त्याच्या आईनं, हिरूबायनं, खेकडा रांधला. घरच्यांनी बोटं चाटून खाल्ला.

पौर्णिमेच्या उधाणात नेमका तिथंच बांध फुटून खांड पडली. गावानं ओहोटीत बुजवली, भरतीनं नेली. पुन्हा बुजवली, पुन्हा नेली. लोक काठावरून टोपल्या ओतत होते. मधल्या ओढीत उतरायची कुणाची छाती झाली नाही. तिसऱ्या सकाळी खांड गाडीवाटेएवढी रुंद झाली होती. पाणी अजून खालच्या पाच-सहा शेतांतच होतं. पण दुपारची भरती आत आली असती तर अख्ख्या गावाचं भात गेलं असतं.

तेव्हा गावच्या भगतानं कौल लावला. म्हणाला, हा बांध बळी मागतो, भरल्या घरची सून. ज्याचा वाटा, त्याच्याच घरची.

पोशाच्या घरात सून एकच, गोमी. लग्नाला वर्ष झालं होतं आणि वर्षभर सासूशी तिचं रोज वाजत होतं. तिला कुणी हातसुद्धा लावला नाही म्हणे. लोक नुसते दोन्ही बाजूंना सरकले आणि खांडीपर्यंत वाट मोकळी झाली. गोमीनं नवऱ्याकडे पाहिलं. खेकडा कुठून काढला, ते जोमालाच ठाऊक होतं. तो बोलला असता तर खोट बांधाची नसून त्याची आहे, हे गावाला कळलं असतं. त्यानं मान खाली घातली. हे मी माझ्या खापरपणजोबांबद्दल सांगतोय, आणि दर वेळी सांगताना मला शरम वाटते.

ओहोटी संपून पाणी फिरलं होतं. खांडीतून आत येणारी धार बघता बघता जाड होत होती. भगत घाई करू लागला. गोमीला दोन पावलं पुढे व्हायला लावलं.

तेवढ्यात हिरूबाय पुढे झाली. "थांबा. बिनओटीची सून बांध घेल काय? मी ओटी घेऊन येत्ये."

भगतानं मान डोलावली. हिरूबाय पळत घरी गेली. इकडे पाणी गोमीच्या घोट्याला लागलं, मग पोटरीला. ती हलली नाही. सगळा गाव उभा होता आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं.

हिरूबाय आली ती भरलेला पदर पोटाशी धरून. नारळ-तांदूळ असतील असं लोकांना वाटलं. ती गोमीला ओलांडून खांडीच्या तोंडाशी गेली आणि पदर सोडला. कुलदेवीचा टाक, सासऱ्याचा टाक, आजेसासूचा टाक, शेंदूर लावलेले दगड, सगळा देव्हारा चिखलात पडला.

"भरल्या घरातला पायजे ना? ह्याच्यापरीस भरलेला आमच्या घरात काय नाय. घे!"

भगत किंचाळला. धारेनं टाक ओढायला सुरुवात केली होती, आणखी क्षणभरात ते हाती लागले नसते. पोशानं उडी घेतली. मागोमाग जोमानं. मग एकेक करत गावातले सगळे गडी आत. खांद्याला खांदा लावून त्यांनी धार अडवली. बायकांनी हातोहात ढेकळं दिली, दगड दिले, कुणी घराची दारं काढून आणली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, बुटक्यांच्या हनुवटीला आलं. मागं चिखल ठासला जात होता आणि पुढून खाडी रेटत होती. पण कुणी जागा सोडली नाही. देव पायाखाली असताना सोडणार कसा? भर दुपारी पाणी थांबलं आणि बोटभर खाली उतरलं. बांध राहिला.

सुनेसाठी आत उतरायला एक गडी नव्हता, देवासाठी सगळे उतरले. हिरूबायला आपला गाव पुरता ठाऊक होता!

ओहोटीला पोशा देव उकरायला निघाला, तर ती आडवी आली. "हात लावू नका. काढलेत तर पुढच्या खांडीला परत सून मागाल."

लोकांच्या माना खाली गेल्या. पुढच्या अमावास्येला घरोघरच्या माणसांनी आपापले देव आपापल्या वाट्यात बसवले, आणि तेव्हापासून बीळ बुजवायला कुणी चुकलेलं नाही.

पण गोमीचं राहिलंच. त्या दिवशी ती बांधावर उभी होती, आणि खाली चिखलानं माखलेल्या जोमानं वर येण्यासाठी हात पुढे केला. तिनं विचारलं, "कोनासाठी उतरलास?"

जोमानं पायाखाली, देव गाडले होते तिकडे पाहिलं. तिनं हात दिला नाही. तो आपला आपणच चढून आला. दोघांनी पुढे संसार केला, पाच मुलं झाली, गोमीनं हिरूबायचं म्हातारपण पोटच्या लेकीसारखं काढलं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र जोमा देऊ शकला नाही. ती आधी गेली. तो मरायला टेकला तेव्हा त्यानं मुलांना बोलावून खेकड्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "तुमी लग्नाच्या दिवशीच सांगून टाका रं. मागाहून सांगता येत नाय."

आजही चोळेखारात नवी सून उंबरठा ओलांडायच्या आधी बांधावर येते. नवरा लग्नाच्या कपड्यांनिशी चिखलात उतरतो, सासरा आणि दीरही उतरतात. ती वरून विचारते, "कोनासाठी उतरलास?" तो म्हणतो, "तुझ्यासाठी." मगच ती हात देते. करवल्या खिदळतात, फोटो काढतात, चालायचंच. मी उतरलो तेव्हा उधाणाचे दिवस होते आणि पाणी कमरेपर्यंत होतं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी." आमच्या मंडळी हात न देता म्हणाल्या, "परत सांग."